व्हीव्हीटीचा कोड आला: भाग बदलण्याआधी काय तपासायचं

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर जोडला आणि पडद्यावर पी००११ हा व्हीव्हीटीचा (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) कोड उमटला, की पुढचा सल्ला बहुतेक वेळा ठरलेला असतो: सोलेनॉइड, म्हणजे या यंत्रणेला ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, बदला. कधीकधी त्याने काम होतंही. पण बरेचदा नवा सोलेनॉइड बसतो, दिवा विझतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा लागतो. कारण हा कोड कुठल्याही सुट्या भागाचं नाव घेत नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरने कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, एका कोनावर जायला सांगितलं, कॅमशाफ्ट दुसऱ्याच कोनावर सापडला आणि हा फरक ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त टिकला, एवढंच तो सांगतो. दोष ऑइलमध्ये असेल, ऑइल सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये असेल, वायरिंगमध्ये, कॅमशाफ्ट पुढेमागे फिरवणाऱ्या फेजरमध्ये किंवा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट जोडणाऱ्या चेनमध्येही असेल. तो शोधायचं काम आपल्यावर येतं.

त्यासाठी लागणारी हत्यारं फार नाहीत. लाइव्ह डेटा (इंजिन चालू असतानाचे आकडे) दाखवणारा स्कॅनर, मल्टिमीटर आणि नेहमीचे पाने एवढ्यावर बहुतेक तपासणी होते. क्रम मात्र पाळायचा. ज्याला हात काळे करावे लागत नाहीत ते आधी, इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी. ऑइलचा लाल दिवा लागलेला असेल तर कोडबिड बाजूला ठेवा, इंजिन लगेच बंद करा आणि ऑइलचं प्रेशर कळेपर्यंत सुरू करू नका. आणि चेक इंजिनचा दिवा एकसारखा लागून राहण्याऐवजी लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय. अशा वेळी न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो, म्हणून गाडी चालवत राहू नका.

यंत्रणा चालते कशी

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. जुन्या इंजिनांत हे नातं पक्कं होतं: व्हॉल्व्ह कधी उघडणार आणि कधी मिटणार, हे कारखान्यात ठरायचं आणि तसंच राहायचं. पण इंजिनची गरज बदलत असते. आयडलिंगला इनटेक (हवा आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ कमीत कमी हवा, नाहीतर जळलेला वायू परत आत ओढला जातो आणि इंजिन थरथरतं. मधल्या वेगात, अर्ध्या रेसवर, तोच काळ थोडा वाढलेला फायद्याचा ठरतो. इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटला तर कमी वेगात ओढ चांगली मिळते, उशिरा मिटला तर जास्त वेगात सिलिंडर जास्त भरतो. हे सगळं एकाच इंजिनात साधावं म्हणून कॅमशाफ्ट चालता चालता थोडा पुढेमागे फिरवण्याची सोय आली. विक्रीच्या गाडीत ती पहिल्यांदा अल्फा रोमिओने १९८०मध्ये स्पायडरवर दिली. आज ती बहुतेक पेट्रोल इंजिनांत असते.

फिरवण्याचं काम फेजर करतो. कॅमशाफ्टच्या टोकाला चेन ज्या चक्रावर चढते, ते चक्र म्हणजे फेजरचं बाहेरचं घर. आत पंख असलेला रोटर असतो आणि तो कॅमशाफ्टला बोल्टने जोडलेला असतो. पंखांच्या दोन्ही बाजूंना पोकळ्या असतात. एका बाजूला दाबाखाली ऑइल भरलं की रोटर पुढे सरकतो, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स होतं. दुसऱ्या बाजूला भरलं की ते मागे, म्हणजे रिटार्ड होतं. कुठल्या बाजूला ऑइल सोडायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. याच भागाला सगळे व्हीव्हीटी सोलेनॉइड म्हणतात. कॉम्प्युटर त्याला विजेचे वेगवान झटके देतो. झटका किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, या प्रमाणावर आतली स्पूल (ऑइलची वाट उघडणारी सरकती दांडी) कुठे थांबणार ते ठरतं. कॅमशाफ्ट खरंच किती सरकला, हे कॅम सेन्सर आणि क्रँक सेन्सर यांच्या सिग्नलची तुलना करून कळतं.

इंजिन बंद होताना फेजर आपल्या विश्रांतीच्या जागी येतो आणि एक लहानशी लॉक पिन त्याला तिथे अडकवते. सुरू करताना ऑइलचं प्रेशर नसतं, तेव्हा फेजर आत आपटत राहू नये म्हणून ही सोय. बहुतेक इंजिनांत इनटेक फेजरची ही जागा पूर्ण रिटार्ड असते आणि एक्झॉस्ट फेजरची पूर्ण ॲडव्हान्स. हे लक्षात ठेवा, कोड वाचताना लगेच लागणार आहे.

फेजरसाठी वेगळा पंप नसतो. जे ऑइल बेअरिंगांना वंगण देतं, तेच इथे जोर लावतं. म्हणून या यंत्रणेची तपासणी डिपस्टिकपासून सुरू होते. अपवाद इलेक्ट्रिक मोटरने कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या इंजिनांचा. लेक्ससने एलएस ४६०मध्ये इनटेक कॅमसाठी अशी मोटर दिली आणि पुढे इतरही इंजिनांत ती आली. तुमच्या इंजिनात ती असेल तर त्या कॅमपुरत्या खालच्या ऑइलच्या आणि १२ व्होल्टच्या चाचण्या लागू होत नाहीत.

कोड नेमकं काय म्हणतोय

कोडच्या कुटुंबात तीन शाखा आहेत आणि तपासणीची दिशा त्यावरूनच ठरते.

पी००१०, पी००१३, पी००२० आणि पी००२३ हे विजेच्या सर्किटचे कोड आहेत. सोलेनॉइडची कॉइल तुटली, वायर तुटली, कपलर (वायरींचा जोड) ढिला झाला किंवा कुठे शॉर्ट झाला, असं कॉम्प्युटर सांगतो. यात सरळ मल्टिमीटर हातात घ्यावा.

पी००११, पी००१२, पी००१४, पी००१५ आणि दुसऱ्या बँकेसाठी (सिलिंडरच्या दुसऱ्या रांगेसाठी) पी००२१, पी००२२, पी००२४, पी००२५ हे हालचालीचे कोड. वीज पोचतेय, पण कॅमशाफ्ट सांगितल्या जागी जात नाही. गोंधळ सर्वात जास्त इथेच होतो.

पी००१६ ते पी००१९ हे क्रँक आणि कॅम यांच्या मूळ नात्याचे कोड. फेजर विश्रांतीच्या जागी असतानाही दोघांच्या खुणा जुळत नाहीत. इथे चेन ताणलेली असणं, दात सरकलेला असणं किंवा फेजर चुकीच्या जागी अडकलेला असणं, या शक्यता वर येतात.

कोडच्या वर्णनात ‘ए’ म्हणजे साधारणपणे इनटेकचा कॅमशाफ्ट आणि ‘बी’ म्हणजे एक्झॉस्टचा. बँक १ म्हणजे ज्या बाजूला पहिला सिलिंडर आहे ती बाजू. डावी-उजवी किंवा पुढची-मागची असा तिचा ठरलेला अर्थ नाही, व्ही आकाराच्या इंजिनात ती मॅन्युअलमध्येच बघावी लागते. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात बँक एकच, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

आता ती विश्रांतीची जागा. पी००१२ म्हणजे इनटेक जास्त रिटार्ड. फेजर विश्रांतीच्या जागीच बसून राहिला, सांगूनही पुढे गेला नाही. ऑइल पोचत नाही, सोलेनॉइडची ऑइल गाळणारी जाळी तुंबली, स्पूल हलत नाही, लॉक पिन सुटत नाही, असं काहीतरी. पी००११ म्हणजे इनटेक जास्त ॲडव्हान्स, अर्थात पुढे गेला आणि परत आला नाही. एक्झॉस्टला हे सगळं उलटं होतं. पी००१४ म्हणजे एक्झॉस्ट जास्त ॲडव्हान्स, पण तीच त्याची विश्रांतीची जागा, म्हणून तो हललाच नाही असा अर्थ निघतो. पी००१५ म्हणजे हलला आणि तिकडेच अडकला. पी००११ आणि पी००१४ दोन्हींच्या नावात ‘जास्त ॲडव्हान्स’ असलं तरी त्यांची कारणं अनेकदा विरुद्ध टोकांची असतात. हे नीट समजलं की अर्धा गोंधळ संपतो.

एक पुरवणी जोडतो. पी००११च्या अधिकृत वर्णनात ‘किंवा यंत्रणेची कामगिरी’ असेही शब्द आहेत आणि काही कंपन्या कुठल्याही दिशेच्या फरकाला तोच कोड देतात. म्हणून दिशा कोडवरून गृहीत धरा, पण खात्री लाइव्ह डेटावरून करा.

सोबत दुसरे कोड असतील तर तेही बघा. कॅम सेन्सरचा पी०३४०, क्रँक सेन्सरचा पी०३३५ किंवा ऑइल प्रेशर कमी असल्याचा पी०५२४ असेल तर आधी तो सोडवा. सेन्सरच चुकीचं सांगत असेल तर कॅमशाफ्टला दोष देण्यात अर्थ नाही.

कोड पुसू नका, आधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या

कोड नोंदताना कॉम्प्युटर त्या क्षणाची परिस्थितीही साठवतो: आरपीएम, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा भार, गाडीचा वेग. हीच फ्रीझ फ्रेम. कोड पुसला की तीही जाते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तापमान सर्वात आधी बघा. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला कोड आला असेल तर पातळ झालेलं ऑइल आणि कमी पडणारं प्रेशर डोळ्यांसमोर आणा. थंड असताना आला असेल तर जाड ऑइल, चुकीचा ग्रेड किंवा चिकटलेली स्पूल. हायवेच्या वेगात, स्थिर रेसवर आला असेल तर फेजर धरून ठेवण्याच्या स्थितीत डगमगतोय. ही पक्की उत्तरं नाहीत, पण पुढे काय आधी तपासावं ते यावरून कळतं.

गाडीचा अलीकडचा इतिहासही इथेच आठवा. कोड ऑइल बदलल्यानंतर लगेच आला का? मग ग्रेड आणि फिल्टर बघा. टायमिंग बेल्ट किंवा चेनचं काम झाल्यावर आला का? मग सोलेनॉइडला हात न लावता आधी खुणा जुळल्यात का ते तपासा.

ऑइल: इथे घाई नको

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि लेव्हल बघा. कमी असेल तर पंप वळणावर किंवा ब्रेक लावताना हवा ओढू शकतो. जास्त असेल तरी नुकसानच: फिरणारा क्रँक ऑइलला घुसळतो, फेस होतो, आणि हवा मिसळलेलं ऑइल दाबलं जातं. फेजरला धरून ठेवायला न दाबलं जाणारं ऑइल लागतं. फेसाळलेल्या ऑइलवर तो एका जागी स्थिर राहत नाही.

मग ग्रेड. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असताना इंजिनात २०डब्ल्यू-५० असेल, तर थंड असताना ते सोलेनॉइडच्या बारीक मार्गांतून वेळेवर जात नाही. ‘जाड ऑइल म्हणजे इंजिनला चांगलं’ ही समजूत व्हीव्हीटीच्या इंजिनात सोडून द्यावी लागते, कारण कॉम्प्युटरचं सगळं गणित ठरावीक पातळपणा धरून बसवलेलं असतं. ऑइल काळं दिसतं म्हणून ते खराब असंही नाही. वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि लेव्हल वाढलेली असेल तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय आणि ते पातळ होतंय.

ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. धातूवर पिवळसर-तपकिरी झाक चालेल. डांबरासारखा काळा थर दिसला तर स्लज आहे, आणि तोच थर सोलेनॉइडच्या जाळीवर आणि फेजरच्या भोकांत असणार असं समजून चाला. झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर म्हणजे पाण्याचा अंश. सतत छोट्या अंतराच्या फेऱ्यांमुळे इंजिन पुरेसं तापत नसेल तर तो दिसू शकतो. पण कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची तपासणी आधी.

फिल्टरकडे दुर्लक्ष होतं. बऱ्याच फिल्टरमध्ये ऑइल परत खाली वाहून जाऊ नये म्हणून रबराचा व्हॉल्व्ह असतो. तो नीट मिटत नसेल तर रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरतं, आणि सकाळी सेल्फ मारल्यावर फेजर आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर काही क्षण कोरडे राहतात. सुरुवातीच्या खडखडाटाचं कारण कधीकधी फक्त एवढंच असतं.

ऑइलची मुदत उलटलेली असेल, ग्रेड चुकीचा असेल किंवा आत घाण दिसत असेल, तर पुढची तपासणी थांबवा. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर घाला, कोड पुसा, गाडी नीट तापेपर्यंत चालवा आणि वाट बघा. बऱ्याच गाड्यांचा प्रश्न इथेच सुटतो. स्लज दाट असेल तर मात्र जोरदार फ्लश वापरू नका. सुटलेले लगदे ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकले तर आख्ख्या इंजिनचं ऑइल तुटतं. चांगलं ऑइल घालून पुढचा बदल लवकर करणं, मग त्यापुढचाही लवकर, हा हळू मार्ग मला सुरक्षित वाटतो.

आणि प्रेशर. डॅशबोर्डवरचा लाल दिवा बंद आहे म्हणजे प्रेशर ठीक, असा निष्कर्ष काढू नका. साध्या प्रेशर स्विचचा दिवा अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो, फेजर त्याच्या कितीतरी आधी अडखळायला लागतो. शंका असेल तर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाचा. दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय हा जुना ढोबळ आडाखा आहे. तुमच्या इंजिनचा खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल आणि तोच प्रमाण मानायचा. प्रेशरच कमी असेल तर व्हीव्हीटीचा कोड हे फक्त लक्षण आहे. पंप, पंपाची जाळी, बेअरिंगची झीज, हा वेगळा आणि जास्त गंभीर विषय.

वायर आणि कॉइल

इंजिन बंद, चावी बंद. सोलेनॉइडचा कपलर काढा. लॉक दाबून काढायचा, वायर धरून ओढायचा नाही. आत ऑइल दिसतंय का बघा. सोलेनॉइडचं सील गेलं की ऑइल कपलरमध्ये शिरतं आणि वायरीच्या आतून पुढे सरकत जातं. पिना वाकलेल्या, हिरव्या पडलेल्या किंवा मागे सरकलेल्या असतील तर कोडचं कारण तेच असू शकतं.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून सोलेनॉइडच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. टोयोटाच्या अनेक इंजिनांत २० अंश सेल्सिअसला तो ६.९ ते ७.९ ओहम असायला हवा, इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली आहे, शून्याच्या जवळ दाखवलं तर शॉर्ट आहे. एक पिन आणि सोलेनॉइडचं धातूचं अंग यांच्यातही मोजा, तिथे जोड सापडायला नको. गरम झाल्यावर तुटणाऱ्या कॉइलही असतात. कोड फक्त तापल्यावर येत असेल तर हे माप गरम इंजिनवर पुन्हा घ्या.

मग कपलरची वायरकडची बाजू. काही गाड्यांत एका पिनवर चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट मिळतात आणि कॉम्प्युटर अर्थिंगच्या बाजूने नियंत्रण करतो. काहींत दोन्ही वायरी थेट कॉम्प्युटरकडे जातात. वायरिंगचा नकाशा बघितल्याशिवाय ‘इथे व्होल्टेज नाही, म्हणजे वायर तुटली’ असं ठरवू नका. आणि या बाजूला बॅटरीचा करंट कधीही देऊ नका, कॉम्प्युटर जळेल.

लाइव्ह डेटा: सांगितलं काय, झालं काय

माझ्या मते या सगळ्या तपासणीतला हा सर्वात बोलका भाग आहे, आणि नेमका हाच लोक सोडून देतात. स्कॅनरवर तीन ओळी निवडा: कॅमशाफ्टचा अपेक्षित कोन, प्रत्यक्ष कोन आणि सोलेनॉइडचं ड्यूटी प्रमाण (विजेचा झटका किती वेळ चालू राहतो ते). जमलं तर आलेखावर बघा. काही स्कॅनर कोन क्रँकच्या अंशांत दाखवतात, काही कॅमच्या. क्रँकचे ४० म्हणजे कॅमचे २०, त्यामुळे दोन गाड्यांचे आकडे थेट ताडून बघू नका.

इंजिन तापवा. आयडलिंगला अपेक्षित कोन बहुधा शून्य किंवा त्याच्या आसपास असतो आणि प्रत्यक्ष कोनही तिथेच हवा. मग रेस हळूहळू २५००पर्यंत न्या, धरा, सोडा. उभ्या गाडीत कॉम्प्युटर फारसा कोन मागत नसेल तर कोणाला तरी सोबत घेऊन रस्त्यावर चाचणी करा. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही.

निरोगी यंत्रणेत अपेक्षित कोन बदलला की प्रत्यक्ष कोन जवळजवळ चिकटून त्याच्या मागे जातो. अपेक्षित कोन वाढला, ड्यूटीही वाढत टोकाला गेली, तरी प्रत्यक्ष कोन शून्यावरच बसला, तर आदेश निघतोय आणि फेजर हलत नाही. प्रत्यक्ष कोन जातो पण उशिरा, रेंगाळत, तर ऑइल, जाळी किंवा चिकट स्पूल. आयडलिंगला अपेक्षित शून्य आणि प्रत्यक्ष १५-२०, सोबत इंजिन थरथरतंय आणि सिग्नलला थांबताना बंद पडतंय, तर फेजर ॲडव्हान्समध्ये अडकलाय. प्रत्यक्ष कोन क्षणात इकडून तिकडे उड्या मारत असेल तर ते फेजरच्या हालचालीसारखं नाही. कॅम सेन्सर, त्याची वायर किंवा सेन्सरसमोरची दातेरी चकती तपासा. आणि दोघांमधला फरक प्रत्येक वेगाला तेवढाच, ठाम राहत असेल तर चेनकडे वळा.

आता थेट चाचणी. स्कॅनरमध्ये ॲक्टिव्ह टेस्टची सोय असेल तर तिथून सोलेनॉइड चालू करा. नसेल तर आणि सोलेनॉइड दोनच पिनांचा असेल तर हे करता येतं: इंजिन आयडलिंगला, कपलर काढलेला. फ्यूज लावलेल्या वायरीने सोलेनॉइडच्या पिनांना बॅटरीचे १२ व्होल्ट द्या, फक्त दोन-तीन सेकंद. वायरींची टोकं एकमेकांना किंवा इंजिनला लागू देऊ नका, हात आणि बाही बेल्टपासून आणि पंख्यापासून दूर. इनटेक फेजर एकदम ॲडव्हान्स होऊन इंजिन थरथरायला किंवा बंद पडायला हवं. तसं झालं तर ऑइल पोचतंय, स्पूल हलतेय, फेजरही हलतोय. मग शंका वायरिंगवर किंवा अधूनमधून चिकटण्यावर जाते. काहीच फरक पडला नाही तर सोलेनॉइड बाहेर काढायची वेळ आली. या चाचणीने एखादा नवीन कोड येईल, तो अपेक्षितच आहे.

इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीला व्हीव्हीटी असेल आणि दोन्ही सोलेनॉइडवर एकच पार्ट नंबर असेल, तर त्यांची अदलाबदल करा. कोड इनटेककडून एक्झॉस्टकडे गेला तर दोषी सोलेनॉइड सापडला. कोड आपल्या जागीच राहिला तर नवा सोलेनॉइड घ्यायची गरज नाही. यात एक नवा पैसा लागत नाही आणि उत्तर शंकेला जागा ठेवत नाही. व्ही इंजिनात हीच अदलाबदल दोन बँकांमध्ये करता येते.

सोलेनॉइड बाहेर काढताना

इंजिन थंड होऊ द्या. आजूबाजूची धूळ आधी ब्रशने आणि कापडाने साफ करा, कारण भोकात पडलेला खडा थेट फेजरच्या मार्गात जातो. बोल्ट काढल्यावर सोलेनॉइडचं अंग धरून हलकेच डावीउजवीकडे फिरवा आणि मग वर ओढा. कपलरचं प्लास्टिक धरून उचकटलं तर ते तुटतं.

जाळीवर काय अडकलंय ते नीट बघा, पुसून टाकायची घाई करू नका. मऊ काळा गाळ म्हणजे स्लज. रबरी, रंगीत तुकडे म्हणजे कोणीतरी पूर्वी कव्हर बसवताना सीलंट जास्त लावलं होतं. प्लास्टिकचे कण म्हणजे बहुधा चेनचं गाइड (चेन ज्यावरून घसरते ती पट्टी) झिजतंय. चमकदार धातूचे कण असतील तर सोलेनॉइड साफ करून पुढे जाऊ नका, ते कुठून येतात ते आधी शोधा. काही इंजिनांत जाळी सोलेनॉइडवर नसते, हेडमध्ये वेगळ्या बोल्टखाली असते. मॅन्युअलमध्ये ती जागा शोधा, नाहीतर तुंबलेली जाळी तशीच राहील.

टेबलावर ठेवून १२ व्होल्ट दिल्यावर स्पूल पूर्ण सरकायला हवी आणि वीज काढल्यावर झटकन परत यायला हवी. नुसता ‘टक’ आवाज पुरेसा नाही, अर्धवट सरकणारी स्पूलही आवाज करते. चिकटत असेल तर कार्ब क्लीनरने धुऊन, हवा मारून, पुन्हा बघा. साफ करून चाललेला सोलेनॉइड टिकेलच याची खात्री नसते. पण ऑइल आणि जाळी स्वच्छ झाली असेल तर एक संधी द्यायला हरकत नाही. तारेने किंवा टोकदार वस्तूने खरवडू मात्र नका, आतली फट फार बारीक असते आणि एका ओरखड्याने ऑइल गळायला लागतं.

बसवताना ओ-रिंग नवी, तिला ऑइलचं बोट लावलेलं. बोल्ट लहान असतो आणि ॲल्युमिनियमच्या आट्यात जातो. टॉर्क मॅन्युअलमधला घ्या, अनेकदा तो १० न्यूटन-मीटरच्या आसपासच असतो.

फेजर आणि चेन: नवख्याने कुठे थांबायचं

ऑइल ठीक, वायर ठीक, सोलेनॉइड चांगला, तरी कोड परत येत असेल तर आता फेजर आणि चेन.

सकाळी सुरू केल्यावर एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर लॉक पिन धरत नाही किंवा टेन्शनरला ऑइल उशिरा पोचतंय. तापल्यावरही आवाज चालू राहत असेल आणि सोबत पी००१६ असेल, तर गाडी चालवणं थांबवा. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत येऊ शकतात. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि दुरुस्ती कितीतरी पटींनी वाढते.

खुणा तपासायच्या तर टॅपेट कव्हर काढून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेला चालतं त्याच दिशेला हाताने फिरवा. उलट फिरवलं तर चेन ढिली पडून दात सुटण्याचा धोका असतो. खुणा किती सरकल्यात ते मोजा. कॅमच्या चक्राला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश, क्रँकचे २०. लाइव्ह डेटात दिसलेला ठाम फरक या हिशोबाशी जुळत असेल तर दात सरकलाय. त्याहून बराच कमी असेल तर चेन ताणली असण्याची शक्यता जास्त. सेन्सरसमोरची चकती कॅमशाफ्टवर सरकली असेल तर मात्र खुणा जुळतात आणि कोड तरीही येतो.

याच्या पुढे, म्हणजे फेजर बदलणं आणि चेन उतरवणं, कॅमशाफ्ट लॉक करायची खास हत्यारं आणि अनुभव मागतं. फेजरचा मधला बोल्ट अनेक इंजिनांत एकदाच वापरायचा असतो आणि आधी टॉर्क, मग ठरावीक अंश, असा आवळायचा असतो. नवख्याने हे काम जाणकार मेकॅनिककडे द्यावं. तिथे जाताना फ्रीझ फ्रेमचा फोटो, लाइव्ह डेटाचे आलेख, रेझिस्टन्सचं माप आणि अदलाबदलीचा निकाल सोबत न्या. पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही आणि न लागणारे भाग बदलले जाणार नाहीत.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा. काही गाड्यांत कॅमची शिकलेली मूळ स्थितीही स्कॅनरमधून रीसेट करावी लागते, विशेषतः चेन किंवा फेजरचं काम झालं असेल तर. मग फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तीच पुन्हा तयार करा: तेवढंच तापमान, तेवढाच वेग, तसाच भार. कोड गरम आयडलिंगला आला होता आणि तुम्ही थंड इंजिनवर गल्लीत एक फेरी मारून आलात, तर काहीच सिद्ध होत नाही.

दिवा बंद आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच गाड्यांत दिवा लागायला लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसावा लागतो. पहिल्या फेरीत तो फक्त पेंडिंग कोड म्हणून नोंदला जातो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर स्कॅनरमध्ये पेंडिंग कोडचं पान उघडून बघा, आणि लाइव्ह डेटाचा नवा आलेख जुन्याशेजारी ठेवून प्रत्यक्ष कोन आता किती चिकटून जातो ते ताडा. सोलेनॉइड काढला असेल तर दुसऱ्या दिवशी ओ-रिंगच्या जागी बोट फिरवून ऑइल गळत नाही ना ते तपासा आणि डिपस्टिकही बघा. आत स्लज सापडला होता तर पुढचं ऑइल नेहमीच्या मुदतीआधी बदला, आणि त्या वेळी जाळी पुन्हा एकदा काढून बघा.